समुद्रसपाटी

‘सिटी राईड’ या दोन शब्दांवर मी फसलो. रविवारी पहाटे सिटी राईड, 100 किलोमीटर, असा निरोप आला तेव्हा मी शब्द वाचले आणि आकड्याकडे काणाडोळा केला. रत्नागिरी शहर आहे केवढं! मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत चालत निघालं, तरी चालण्यापेक्षा वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांशी बोलण्यातच जास्त वेळ जातो. एवढ्याशा शहरात शंभर किलोमीटर आणणार कुठून, हा प्रश्न मला नाव देऊन, पैसे भरून, टी-शर्टचं माप कळवून झाल्यावर सुचला. उत्तर साधं होतं. राईड शहरातून सुटते आणि शहरात संपते, म्हणून सिटी राईड. मधले किलोमीटर पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे असे लांबवर पसरलेले. या हिशोबानं कोकण रेल्वेलाही सिटी बस म्हणता येईल.

तरीही मी घाबरलो नाही, कारण रस्ता समुद्राच्या कडेचा होता. समुद्राची कड म्हणजे समुद्रसपाटी. शब्दातच सपाटी आहे! डोंगराची उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासून. म्हणजे खुद्द तिथे चढ असण्याचं काही कारण नाही. जन्म रत्नागिरीतला आणि वय सत्तेचाळीस असूनही मी असा विचार करू शकलो, कारण त्या रस्त्यानं मी आजवर फक्त एसटीनं गेलो होतो. घाट एसटीला लागतो, आपण आत खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतो.

सायकल मुलाची घेतली. तिला एकवीस गिअर. माझ्या लहानपणीच्या सायकलला एकच होता आणि तोही आम्हाला जास्त वाटायचा. एकवीस गिअरांचा अर्थ मुलानं रात्री समजावून सांगितला. पुढे तीन चकत्या, मागे सात. चढावर पुढची लहान आणि मागची मोठी, उतारावर उलट. मी मान डोलावली. पहाटे पाच वाजता गादी लावलेली चड्डी घालून दाराशी उभा राहिलो. मोहिमेवर निघालेल्या माणसाला घरून दोन शब्द मिळावेत अशी माफक अपेक्षा होती. आमच्या हिनं पांघरुणातून तोंड बाहेर न काढता दोन शब्द दिले, “पाव आणा.”

मारुती मंदिरला पंधरा जण जमले होते. त्यातल्या निम्म्यांनी ब्रेव्हे केलेले. ब्रेव्हे म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी शिक्के घ्यायचे आणि हे सगळं स्वतः पैसे भरून करायचं. कॅप्टन त्यातलाच, तिशीतला, पोटऱ्या फणसाच्या खोडासारख्या. त्यानं नियम सांगितले. एकामागून एक चालायचं. सोबत निघायचं, सोबत संपवायचं. पुढच्यानं खड्डा दिसला की ‘खड्डा!’ ओरडायचं, मागच्यानं ते मागे पोचवायचं. मिऱ्या आणि मांडवी होईतो सगळ्यांचे घसे बसले, तेव्हा एकानं सुचवलं की यापुढे जिथं रस्ता दिसेल तिथं ‘रस्ता!’ ओरडू, दम वाचेल.

शहरातली फेरी अंधारातच झाली. थिबा राजवाड्याजवळून जाताना त्या ब्रह्मी राजाची आठवण झाली. 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला इथं आणून ठेवलं, आणि 1916 साली तो इथंच गेला. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये; म्हणजे त्यात राहायला बिचाऱ्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. इंग्रजांनी त्याचे पुष्कळ हाल केले, पण सायकलवर बसवून आडिवऱ्याला पाठवलं नाही, हेही नोंदवायला हवं.

भाट्याच्या पुलावर उजाडलं. खाली काजळी नदीची खाडी, उजव्या हाताला समुद्र, होड्या परतत होत्या, आणि रस्ता खरोखरच सपाट होता. सुरूच्या बनातून जाताना मी चक्क गुणगुणत होतो. ही अवस्था साधारण दहा मिनिटं टिकली.

मग गोळपचा चढ आला.

कोकणचा भूगोल मला त्या चढावर कळला. सह्याद्री इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नद्या आखूड आणि घाईतल्या. त्यांनी जांभ्याचं पठार ठिकठिकाणी कापून काढलंय आणि समुद्राला मिळताना खाड्या केल्यात. वर राहिला तो सडा, खाली खाडी. रस्ता काय करणार? सड्यावरून खाडीत उतरतो, पूल ओलांडतो, पुन्हा सड्यावर चढतो. समुद्रसपाटी असते ती फक्त पुलावर, पूल असेल तेवढीच. बाकीचा सागरी रस्ता म्हणजे कुणीतरी करवतीची पाती उभी करून त्यावर डांबर ओतलंय.

चढावर मी मुलानं सांगितलेलं आठवून गिअर टाकला तो नेमका उलटा. सायकलनं ‘कट्’ असा आवाज केला आणि चेन पडली. ती बसवली, हात काळे झाले, तेच हात घाम पुसताना तोंडाला लागले. तोवर सगळे पुढे गेले होते. मागे राहिली ती एक कॉलेजातली मुलगी. ती स्वीपर होती. म्हणजे सर्वांत शेवटी जो असेल त्याच्या मागे राहणं हे तिचं काम. तिला तिचा माणूस पहिल्या चढावरच सापडला आणि संध्याकाळपर्यंत बदलावा लागला नाही. “मस्त चाललंय काका,” ती म्हणाली. मी उभा होतो. “आता एवढा एकच चढ आहे.” हे वाक्य तिनं दिवसभरात नऊ वेळा म्हटलं. मुलगी गुणी. पुढे वैद्यकीला जाणार असेल तर निकाल चांगला सांगेल.

शेवटी मी उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. तेव्हा शेजारी आणखी एक जण सायकल ढकलताना दिसला. मागे कॅरिअरवर मोठं खोकं, त्यावर निळं प्लास्टिक, हँडलला भोंगा. पाववाला.

“पंक्चर काय?” त्यानं विचारलं.

“नाही. चढ.”

“मग बरोबर हाय,” तो म्हणाला. “उतारावर ती आपल्याला नेते, चढावर आपण तिला न्यायची. येवारच हाय तो.”

सकाळपासून ऐकलेलं हे पहिलं शहाणपणाचं बोलणं. आम्ही बरोबरीनं चालू लागलो. दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा, मोहोर नुकता फुटलेला, त्याचा वास. एका वळणावर त्यानं भोंगा वाजवला तशी गडग्याआडून एक बाई आली आणि सरळ माझ्यासमोर पैसे धरून म्हणाली, “दोन लाद्या द्या.” मी चेहऱ्यानं काळा, कपड्यानं भडक, आता पाववाल्यांनाही युनिफॉर्म आला असं तिला वाटलं असावं. पाववाल्यानं तिला पाव दिले आणि मला म्हणाला, “तुमी पण घ्या एक. लांब जायचाय.” मला हिचे दोन शब्द आठवले. एक लादी घेतली. मुलाच्या सायकलला कॅरिअर नव्हतं, पण सायकलच्या टी-शर्टला पाठीवर तीन खिसे असतात. त्यात मंडळी एनर्जी जेल ठेवतात. मी लादी कोंबली.

पावसपर्यंत उतार होता. उताराचा आनंद मला होईना, कारण खाली जाताना प्रत्येक मीटर येताना वर चढायचाय हे मी मोजत होतो. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी थांबलो. स्वामींची साधना सोऽहमची, श्वास घेताना ‘सो’, सोडताना ‘हम्’. मी डोळे मिटून माझा श्वास ऐकला. त्यात ‘न’ आणि ‘को’ एवढंच स्पष्ट ऐकू येत होतं.

पूर्णगडला खाडी मुचकुंदीची. पुन्हा पूल, पुन्हा पुलापुरती समुद्रसपाटी, पलीकडे गावखडीची शांत, सुंदर पुळण. तिच्याविषयी लिहायला हवं, पण मी ती पाहिली नाही. मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. गावखडीचा चढ मात्र मी इंच इंच पाहिला आणि त्यावर मला सविस्तर बोलता येईल. घराबाहेर पत्रावळीवर काहीतरी वाळत घालणाऱ्या एका आजीनं मला येताना पाहिलं, मी पोचेपर्यंत तिचं काम आटोपलं, आणि मी समोर आलो तेव्हा ती काळजीनं म्हणाली, “काय वो, येष्टी चुकली काय?”

कशेळीला कनकादित्याच्या देवळात पोचलो तेव्हा आत सूर्य आणि बाहेरही सूर्य, आणि बाहेरचा डोक्यावर आलेला. तिथली कथा अशी सांगतात की, प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याचं गलबत इथल्या समुद्रात अडलं, काही केल्या हलेना. मूर्ती इथं ठेवल्यावर ते पुढे सरकलं. मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि माझंही गलबत अडलं. कॅप्टन म्हणाला, काहीतरी खा. जेलची पुडी दिली. गोड करवंदाच्या चिकासारखं काहीतरी तोंडात पसरलं. तेव्हा मला पाठीतली लादी आठवली. बाहेर काढली. सहा पावांचा आता एकच पाव झाला होता, चपटा, पाठीच्या आकाराचा आणि चवीला किंचित खारट. मी संकोचानं तो मांडीवर ठेवला. पंधरा सेकंद कुणी काही बोललं नाही. मग ब्रेव्हेवाल्यांपैकी एकानं हात पुढे केला. दोन मिनिटांत कागदसुद्धा चाटूनपुसून साफ. आम्ही इकडेतिकडे पाहत विचारलं, अजून आहे का? गलबत हललं. आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं, पोहे खाल्ले आणि परत फिरलो.

परतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मला थोडकंच आठवतं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांत माझी कायम गल्लत व्हायची. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री उलट, तो मतलई. एका मार्कासाठी गुरुजींनी अंगठे धरायला लावले होते. आता गल्लत होणार नाही. खारा वारा वायव्येकडून येतो, आणि आमची रत्नागिरीही नेमकी त्याच बाजूला होती. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. मुलगी मागून म्हणाली, “काका, पुढच्याच्या मागे अगदी चिकटून चला, वारा लागत नाही.” पुढचा अर्धा किलोमीटर पुढे होता.

‘सोबत संपवायचं’ या नियमापायी बाकीचे भाट्याच्या पुलापाशी शहाळी पीत थांबले होते. तिथून एकत्र शहरात शिरलो. मारुती मंदिरला साडेचार वाजले. मी उतरणार एवढ्यात कॅप्टननं घड्याळाकडे पाहून कपाळावर आठ्या आणल्या. “97.4.”

“म्हणजे झालेच की,” मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सत्यनारायणाचा चौथा अध्याय झाल्यावर उठणाऱ्याकडे पाहतात. 97.4 म्हणजे शंभर नव्हेत. मग ठरलं: सर्कलभोवती फेऱ्या मारायच्या. एक फेरी दीडशे मीटर धरली, तर अठरा.

पंधरा सायकली एकामागून एक गोल फिरू लागल्या. रिक्षावाले बघत होते. एसटीतून लोक बघत होते. पाचव्या फेरीला पिशवी घेतलेले एक आजोबा थांबले आणि कॅप्टनला विचारू लागले, “कसला नवस?” कॅप्टन पुढे गेला, उत्तर पुढच्या फेरीत दिलं, “शंभराचा.” त्याच्या पुढच्या फेरीत आजोबांचा प्रश्न, “किती प्रदक्षिणा?” “अठरा.” आजोबा घाईघाईनं रस्त्यात आले. “अठरा चालत नाहीत हो मारुतीला! अकरा नाहीतर एकवीस!”

त्यांना समजावण्यापेक्षा फिरणं सोपं होतं. शिवाय ते स्वतः मोजायला लागले होते, मोठ्यांदा. चौदाव्या फेरीला आमची ही स्कूटरवरून आली, वेग कमी केला, मला नीट पाहिलं आणि ओळख न दाखवता साळवी स्टॉपच्या दिशेनं निघून गेली. एकविसाव्या फेरीला आजोबांनी हात जोडले. 100.5. टाळ्या झाल्या. त्या मुलीनं गळ्यात पदक घातलं आणि सवयीनं म्हणाली, “आता एकही चढ नाही काका.” आमचं घर चढावर आहे हे मी तिला सांगितलं नाही.

घरी पोचलो. भिंतीला सायकल टेकवली, स्वतःला टेकवलं. पदक दिसेल असं ठेवलं. आतून हिचा आवाज आला, “पाव आणलेत?”

बेकरी मारुती मंदिरला, सर्कलवरच. तिच्या दारावरून मी एकवीस वेळा गेलो होतो. मुलानं सायकलची किल्ली पुढे केली. मी चपला शोधल्या.