तेलगोळ्यांवर शेणखत टाकू नका

‘किनाऱ्यावरच्या तेलगोळ्यांवर शेणखत पसरा, मातीतले जिवाणू दोन दिवसांत तेल खातात’ हा मेसेज गुहागरच्या ग्रुपवर फिरतोय. तेलगोळे म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे, लाटांबरोबर किनाऱ्याला लागलेले घट्ट गोळे. तेल खाणारे जिवाणू असतात हे खरं. पण त्यांना प्राणवायू, नत्र, स्फुरद लागतं आणि काम आठवडे-महिने चालतं. 1989 च्या अलास्कातल्या तेलगळतीत तिथल्याच जिवाणूंना खत दिलं, तेही धुऊन-पुसून बरंचसं तेल काढल्यावर.

काल मी एक गोळा फोडला. वर वाळूची साल, आत चिकट डांबर. तेलाचा हलका भाग समुद्रातच वाफ होऊन उडून जातो. उरलेलं जिवाणूंनाही सहज पचत नाही. शेणखत मात्र पहिल्या भरतीलाच पाण्यात जाईल.

गोळे हातमोजे घालूनच वेचा, ग्रामपंचायतीला कळवा. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.