साखर तोडली की टी-पेशी तगड्या होतात की दुबळ्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

टी-पेशी म्हणजे कॅन्सरशीही लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी; उपचारासाठी त्या शरीराबाहेर वाढवून रुग्णाला देतात. त्यावरच्या माझ्या लिखाणावर तुमचा आक्षेप असा: 'कॅन्सरच्या गाठीत ग्लुकोज कमी पडलं की टी-पेशी थंडावतात म्हणता, आणि खाली लिहिता की ग्लुकोजचा वापर रोखून वाढवलेल्या टी-पेशी जास्त चांगल्या लढतात. दोन्ही कसं खरं? आणि मग रुग्णाने साखर का सोडू नये?'

दोन्ही खरं आहे. फरक कधी आणि कुठे याचा. दोन्ही निष्कर्ष 2013चेच. पहिल्यात टी-पेशी ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर ठेवल्या. जगल्या, विभागल्याही, पण इंटरफेरॉन-गॅमा हे लढाईत कामी येणारं प्रथिन फारच कमी सोडू लागल्या. कारण गमतीशीर आहे. ग्लुकोज फोडणाऱ्या साखळीतलं जीएपीडीएच हे एन्झाइम रिकामं बसलं की इंटरफेरॉनच्या एमआरएनएला (प्रथिन बनवायचा संदेश नेणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतं आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. संदेश तयार, माल मात्र निघत नाही. हे ऐन लढाईच्या वेळचं.

दुसऱ्या प्रयोगात उंदरांच्या सीडी8 पेशी (मारेकरी टी-पेशी) भांड्यात वाढवताना 2-डीऑक्सिग्लुकोज हा ग्लुकोजसारखा दिसणारा पदार्थ घातला होता. ते पेशीत शिरतं, त्याला फॉस्फेट लागतो, पण पुढे फुटत नाही. वाट अडवून बसतं. त्या पेशी दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृती-पेशींच्या वळणावर गेल्या आणि मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर) झालेल्या उंदरांत जास्त टिकल्या. पण औषध भांड्यातच राहिलं होतं! अंगात गेलेल्या पेशींना ग्लुकोज वापरायची पूर्ण मुभा होती.

व्यवहारात चूक होते ती पेशी वाढवतानाच. आरपीएमआय-1640 या पेशी वाढवायच्या नेहमीच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे डेसिलिटरला 200 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. उपाशीपोटी रक्तात हा आकडा आला तर डॉक्टर लगेच मधुमेहाकडे बोट दाखवतील. वर भरपूर आयएल-2 (टी-पेशींना वाढायचा इशारा देणारं प्रथिन) घातलं की पेशी भराभर वाढतात, आम्ल साचून माध्यम पिवळं पडतं आणि पेशींची संख्या बघून सगळे खूश. अशा पेशी अंगात गेल्यावर लवकर दम टाकतात. म्हणून त्याऐवजी आयएल-7 आणि आयएल-15 ही त्याच कुळातली प्रथिनं वापरावीत, वाढवण्याचे दिवस कमी ठेवावेत, आणि रंग बदलायची वाट न बघता लॅक्टेट (ग्लुकोज फोडल्यावर उरणारा पदार्थ) मोजून माध्यम बदलावं.

कार-टीच्या, म्हणजे कॅन्सर ओळखायला जनुकं बदललेल्या टी-पेशींच्या, रचनेतही हेच: त्यांच्यात बसवलेला 4-1बीबी हा भाग मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) वाढवतो, तर सीडी28 हा भाग पेशीला ग्लायकोलिसिसकडे, म्हणजे ग्लुकोज भराभर फोडण्याकडे, ढकलतो. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारकच्या नेक्सकार19 या कार-टी उपचारामध्ये 4-1बीबी आहे. पण ती उपचारपद्धती रक्ताच्या कॅन्सरवरची. घट्ट गाठीत लॅक्टेट 10 मिलीमोलरच्या वर जाऊ शकतं, सामू (पीएच) 6.5च्या आसपास उतरतो, म्हणजे आम्लता वाढते. तिथे एवढ्याने भागत नाही.

राहिला साखर सोडण्याचा प्रश्न. चहातली साखर जरूर सोडा, पण गाठ त्याने उपाशी राहत नाही. खाणं बंद केलं तरी यकृत ग्लुकोज बनवत राहतं आणि रक्तातली पातळी सांभाळतं. उतरतं ते वजन, आणि केमो चालू असताना ते परवडत नाही.