दिवाळं काढायचंय? मग नीट निवडून काढा

नागपूरच्या बर्डीवर शर्ट घ्यायचा तर आपण चार दुकानं फिरतो, भाव करतो, रागावून निघून जातो आणि पुन्हा येतो. दिवाळं मात्र लोक बिनडोकपणे काढतात. पर्सनल लोनचे हप्ते क्रेडिट कार्डातून, कार्डाचं बिल साळ्याच्या उसनवारीतून, आणि साळ्याला तोंड चुकवायचं. हे काही दिवाळं नव्हे. कायद्यात याचे प्रकार आहेत, भाऊ.

सुरुवातीलाच वाईट बातमी: तुम्ही नागपूरचे आहात. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईच्या माणसाला दिवाळ्यासाठी १९०९ चा कायदा. आपल्या वाट्याला १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे कर्ज फेडता न येणं) कायदा. म्हणजे कंगाल व्हायलाही अकरा वर्षांचा अनुशेष! आपल्या पुढाऱ्यांच्या अजून हे लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे.

पण इंग्रज दिलदार होता. किमान कर्जाची अट त्याने पाचशे रुपये ठेवली आणि नंतर ती वाढवायची आठवण कोणालाच झाली नाही. पानठेल्यावरची उधारी जोडली तरी तुम्ही पात्र. शिवाय धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, भेटता येऊ नये म्हणून घरात दडून बसणं हे या कायद्यात चक्क ‘नादारीचं कृत्य’ आहे. वसुलीवाला आला की आतून बायकोला ‘घरी नाहीत म्हणून सांग’ म्हणता ना? पहिली पायरी तुम्ही चढलेलीच आहात. आता फक्त सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाची पायरी राहिली. (वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आत फोन करू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तर्री-पोहे तेवढ्यात उरकून घ्यावेत.)

जुनं नको, लेटेस्ट मॉडेल हवं असेल तर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. तिच्यातली ‘नवी सुरुवात’ ही योजना तर गरिबांसाठीच. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, माफीला पात्र कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःचं घर नको, गहाण पडलेलंसुद्धा नको. तेव्हा आधी महिना पाच हजारांवर या, मोबाइल साधा घ्या, आणि अशा अवस्थेत तुम्हाला पस्तीस हजार देणारा भला माणूस शोधा. तो सापडला की एवढंच कळेल, की संहितेचा हा भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच झालेला नाही. कायदा आहे, कलमं आहेत, मर्यादा छापलेल्या आहेत. फक्त सुरुवात व्हायची आहे.

‘नवी सुरुवात’ सोडून बाकीचा भाग कोणासाठी लागू आहे? कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी, १ डिसेंबर २०१९ पासून. म्हणून माझा प्रामाणिक सल्ला: छोटं कर्ज काढून बुडू नका. एक कंपनी काढा, तिच्या नावावर दणदणीत कर्ज उचला, जामीनदार म्हणून स्वतः सही ठोका, आणि मग दोघांनी मिळून बुडा. आता तुमच्यासाठी परतफेडीची योजना आहे, वसुलीला स्थगिती आहे, आणि अगदीच दिवाळखोर ठरलात तरी साधारण वर्षभरात मुक्ती. दाद मागायला जायचं ते राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात. नावाकडे लक्ष देऊ नका. मुंबईत आहे, प्रवासखर्च तेवढा राखून ठेवा.

घरचं सामान जाईल ही भीती सोडा. अंथरूण पाहून पाय पसरावे असं सांगणाऱ्या काकांना कळवा, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंथरूण जप्तच होत नाही. स्वयंपाकाची भांडी आणि अंगावरचे कपडेही नाहीत. कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश सुरक्षित. सोफ्याबद्दल मात्र कलम गप्प आहे, त्यामुळे झोपा, बसू नका.

एक तोटा सांगायलाच हवा. नादारीतून मुक्त न झालेल्या माणसाला घटनेच्या कलम १९१ नुसार आमदार होता येत नाही. हिवाळी अधिवेशनाला विधानभवनात आतल्या बाजूने शिरायचं स्वप्न असेल तर आधी निवडून या, पैशाचं पुढे बघता येतं.

आणि वकील. अर्जासोबत सगळ्या धनकोंची यादी द्यावी लागते. त्या यादीत आपलं नाव येऊ नये याची काळजी वकीलसाहेब पहिल्याच भेटीत घेतात: फी आधी, आणि रोख.