सोनचाफ्याच्या फवारणीबद्दल, नर्सरीकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. आधी माफी मागतो. सोमवारी येतो म्हणून सांगितलं आणि पुढच्या मंगळवारी उगवलो, मधे फोनही केला नाही. पाऊस लागून राहिला होता हे खरं, ओल्या झाडावर मारलेलं औषध वाहून जातं हेही खरं, पण म्हणून फोन करता येत नव्हता असं नाही. ती चूक माझी.

बाकीचं मात्र मला बोलू द्या. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, ‘२,४०० रुपये घेतले आणि झाडावर साबणाचं पाणी मारून गेले. पंधरा दिवसांनी गावी येऊन बघितलं तर कीड जागच्या जागी, पानं काळीच.’ मी जेवत होतो, बायकोने वाचून दाखवलं, आणि पुढे घास उतरला नाही. एकोणीस वर्षं नर्सरी चालवतोय. गिऱ्हाइकाने भाव केला, उधारी बुडवली, पण फसवलं असं कोणी म्हटलं नव्हतं.

साबण होता, नाही म्हणत नाही. पण तो कपडे धुण्याचा नव्हे. माशाचं तेल आणि राळ यांच्यापासून केलेला, फिश ऑइल रोझिन सोप म्हणून मिळतो तो. लिटरला २५ ग्रॅम पडतो. तुमच्या झाडाला १०० लिटर पाणी लागलं, म्हणजे अडीच किलो साबण. तो आदल्या रात्री आमच्या चुलीवर गरम पाण्यात विरघळवून गाळून ठेवलेला, नाहीतर नोझल तुंबतं. वास किती येतो ते आजींना विचारा, नाकाला पदर लावून पडवीत बसल्या होत्या. तुमच्या झाडावर आहे ती खवले कीड, तिची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर थोडे दिवस उघड्या अंगाने रांगतात, मग एका जागी चिकटतात आणि अंगावर कवच धरतात. त्या रांगत्या पिल्लांवर हा साबण बसला की त्यांचा श्वास कोंडतो. कवच पक्कं झाल्यावर कुठलंच फवारणीचं औषध आत नीट शिरत नाही, मग ते दोनशेचं असो की दोन हजारांचं.

जहाल औषध माझ्याकडे होतं. मुळाशी ओतायचं, ते झाडाच्या रसात चढतं, रस पिणारी कीड मरते. शिडी नको, पंप नको, दहा मिनिटांत काम उरकलं असतं आणि मला जास्त पैसे सुटले असते. पण रसात चढलेलं औषध फुलापर्यंतही पोचू शकतं. आम्ही सकाळी सातला आलो तेव्हा आजींची परडी भरलेली होती. फुलं देवाला गेली, उरलेली दोन त्यांनी स्वतःच्या अंबाड्यात खोवली. आणि झाडापासून आठ पावलांवर तुमची विहीर. खाली सगळा जांभा, ओतलेलं पाणी कुठून कुठे झिरपेल याचा नेम नाही. तिथे ते औषध ओतायला माझा हात धजावला नाही. हे मी तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही मुंबईत, आजींना सांगून काय उपयोग, असं समजून राहिलो.

आता पैशाचं. २,४०० हे दोन फवारण्यांचे होते, पावतीवर ‘२ वेळा’ लिहिलेलं आहे. टेम्पो, उंचावर जोराने फवारणारा एचटीपी पंप, दोन माणसं, पंचवीस फुटी झाडाला लावलेली शिडी, सगळं त्यातच. दुसरी फवारणी लागते, कारण मादी मेली तरी तिच्या कवचाखाली शेकडो अंडी सुखरूप असतात. ती पंधरा दिवसांत फुटतात, मग पुन्हा मारायचं. पंधराव्या दिवशी साबण विरघळवून तयार होता. तुम्ही फोनवर ‘आता येऊ नका’ म्हणालात, आणि रात्री अभिप्राय आला. अर्ध्या कामावर निकाल लागला, ताई. याचंच जास्त लागलं.

‘कीड जागच्या जागी’ हे दिसायला बरोबर आहे. मेलेला खवला गळून पडत नाही, कित्येक महिने फांदीला चिकटून राहतो. नखाने दाबून बघा. जिवंत असेल तर फुटून ओलं लागतं, मेलेला कोरड्या कोंड्यासारखा सुटतो. पहिल्या फवारणीनंतर दहाव्या दिवशी मी त्याच वाटेने जात होतो, आजींना विचारून आत आलो, खालच्या फांदीवरचे वीसेक दाबले, चार ओले निघाले. पानांचं तसंच. ती काळी पूड म्हणजे काजळी, कीड जो चिकटा सोडते त्यावर वाढणारी बुरशी. कीड गेली म्हणून ती लगेच पुसली जात नाही. नवी पालवी स्वच्छ येते का ते बघायचं.

तुमचा तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला, ‘आता पांढरी कीडही आली’ असं लिहिलंय तो. ती पांढऱ्या झुपक्यांची, लांबट, पाय दिसणारी अळी क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डच्या जातीतल्या भुंग्याची वाटते. दिसते अगदी पिठ्या ढेकणासारखी, म्हणजे रस पिणाऱ्या पांढऱ्या किडीसारखी, पण ती खवले आणि पिठ्या ढेकूणच खाते. हा ढालकिडा १८९८ साली कॉफीवरच्या हिरव्या खवल्यासाठी ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आणला होता. तो आपल्या पायाने तुमच्या झाडावर आला असेल तर तुमचं नशीब. कृपा करून झाडूने पाडू नका.

तुम्ही इंटरनेटवरचं लिहिलंत की मॅग्नोलियावर थंडीत, पानं झडल्यावर तेल मारतात. सोनचाफा मॅग्नोलियाच, पण ती माहिती अमेरिकेतल्या पानं गाळणाऱ्या झाडांची. तिथल्या मॅग्नोलिया खवल्याची वर्षाला एकच पिढी होते. आपला सोनचाफा बारमाही हिरवा, आणि इथे एकाच फांदीवर अंडी, पिल्लं, म्हाताऱ्या माद्या सगळं एकदम सापडतं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. झाडाच्या बुंध्याशी युरियाचे पांढरे दाणे दिसले. तुमच्या गड्याने झाड सुधारावं म्हणूनच टाकला असेल. पण नत्र वाढलं की पालवी लुसलुशीत होते आणि खवल्याला आयतं जेवण मिळतं. शिवाय एक फांदी कौलांना टेकलेली आहे, तिच्यावरून मुंग्यांची रांग चढते. मुंग्या चिकट्यासाठी खवल्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. ती फांदी छाटू का म्हणून विचारलं होतं, तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्या झाडाला तुम्हाला न विचारता कोयता लावणं मला बरं वाटलं नाही.

दिवाळीपासून आंब्याला मोहोर येईपर्यंतचे हेच दिवस आम्हाला चार पैसे मिळवून देतात. पंपाचा हप्ता चालू आहे. या आठवड्यात दोघांनी ‘वाचलं हो आम्ही’ म्हणून फवारणी पुढे ढकलली. तुम्ही अभिप्राय काढून टाका असं मी म्हणत नाही. हे उत्तरही लोकांनी वाचावं, एवढंच. यापुढे उशीर होणार असेल तर फोन करत जाऊ, आणि काय मारलं, का मारलं, ते चिठ्ठीवर लिहून देण्याचं बघतो.

तुमची दुसरी फवारणी अजून बाकी आहे, तिचे पैसे तुम्ही आधीच दिलेत. अंडी फुटून पिल्लं बाहेर पडायचे दिवस चालू आहेत, फार लांबवू नका. तुम्ही म्हणाल त्या दिवशी सकाळी सातला येतो, ऊन चढलं की साबणाने पानं करपतात. फाटक उघडं ठेवायला सांगा, आणि आजींना म्हणावं, त्या दिवशीची फुलं आम्ही यायच्या आधी काढून घ्या.