शस्त्रं तुटतात म्हणूनच तर मजा आहे!

निन्टेन्डो कंपनीच्या 'झेल्डा' मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. वापरता वापरता शस्त्रं तुटतात ही त्या गेमची सर्वांत मोठी चूक, हे त्यातलं वाक्य अजिबात पटलं नाही. तलवार टिकली असती तर मी पहिल्या बऱ्यापैकी तलवारीवरच अख्खा गेम काढला असता. ती तुटते म्हणून डोकं चालवावं लागतं. टेकडीवरून बॉम्ब गडगडत सोडा, मॅग्नेसिस या चुंबकी शक्तीने लोखंडी पेटी उचलून बोकोब्लिन राक्षसाच्या डोक्यात घाला. विजा कडाडत असताना धातूची तलवार मुद्दाम शत्रूपुढे फेका, त्याने ती उचलली की लांबून गंमत बघा! गेममधल्या इव्हेंटाइड बेटावर तर सगळं सामानच काढून घेतात, आणि मला सर्वांत जास्त लक्षात राहिलंय ते तेच बेट. निन्टेन्डोनेही २०२३च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' या पुढच्या भागात हे तुटणं काढलं नाही; उलट काठीला दगड जोडायची सोय देऊन त्यात आणखी रंगत आणली.

खरं दुखणं लेखात आलंच नाही, ते म्हणजे पाऊस. अर्धा कडा चढून होतो, सर येते, आपला नायक लिंक घसरायला लागतो आणि आपण आडोसा शोधत बसतो. यात कसली आलीय युक्ती? नुसती वाट बघायची. स्वयंपाकाचंही तेच. एकच पदार्थ पुन्हा करायचा तर दरवेळी मेनूत जाऊन एकेक जिन्नस निवडा. आणि ते चार डिव्हाइन बीस्ट, म्हणजे आत शिरून कोडी सोडवायची ती प्राण्यांच्या आकाराची यंत्रं! बाहेरून एवढे अजस्र, आतून मात्र सगळे एकाच साच्यातले. जुन्या झेल्डांमधली वेगवेगळ्या धाटणीची कोड्यांची देवळं खेळलेल्यांना हे जास्त टोचतं. लेखकाने यावर एक ओळ तरी लिहायला हवी होती.