मांजरांची गाणी: आप्पांच्या हरकतींना उत्तर

आप्पा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगते. जगभरातल्या मांजरांवरच्या गाण्यांविषयी मी लिहिलं, त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. नुसतं ‘म्याऊ म्याऊ’ करणाऱ्या गाण्याला संगीत म्हणणं ही संगीताची थट्टा आहे, ही पहिली. यातली निम्मी गाणी मांजराची नाहीतच, मांजर नावापुरतं आहे, ही दुसरी. आणि तुम्हाला जास्त लागलेली तिसरी: धुळ्यात राहून आपल्या खानदेशी देवीची, कानबाईची, आणि पोळ्याची गाणी सोडली आणि विलायती मांजरं कशाला धरली?

‘म्याऊ’पासून सुरुवात करते. रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या नावावर गायलं जाणारं दोन मांजरांचं युगुलगीत आज ज्या रूपात आहे, तसं रोसिनीने लिहिलेलंच नाही. १८२५ मध्ये ते ‘जी. बर्थोल्ड’ या टोपणनावाने छापलं गेलं. त्यामागे रॉबर्ट लुकास पिअरसल हा इंग्रज संगीतकार असावा असं मानतात. त्यातला एक तुकडा डेन्मार्कच्या वेझे या संगीतकाराच्या मांजरगीतातला आहे आणि बाकीचे रोसिनीच्या १८१६ च्या ‘ओटेल्लो’ या ऑपेरातले. ऑथेल्लोची गोष्ट आपल्याला परकी नाही, देवलांनी तिचंच ‘झुंजारराव’ केलं. मूळ ऑपेरात ज्या सुरांवर संशय आणि सूड गायला जातो, तेच सूर इथे दोन बायका ‘म्याऊ’ या एकाच अक्षरसमूहावर गातात. शब्द काढून घेतले तरी आर्जव, चिडणं, टोमणा, समेट हे सगळं ऐकू येतं. गळा कच्चा असेल तर हे गाणं दोन ओळींत कोसळतं, कारण लपायला शब्दच नाहीत. आप्पा, तराण्यात ‘तोम् तननन’ला कुठला अर्थ असतो? तरी चांगला तराणा ऐकताना आपण मान डोलावतो आणि त्याला थट्टा म्हणत नाही. मग इथे वेगळा न्याय का?

तुम्ही स्कार्लाटी या इटालियन संगीतकाराचा उल्लेख ‘मांजर पेटीवर चाललं म्हणे’ असा उडवून लावलात. मांजर वाद्याच्या पट्ट्यांवरून चाललं आणि त्यातून त्याला रचना सुचली, ही गोष्ट दंतकथाच आहे. ‘मांजराचा फ्यूग’ हे नावही स्कार्लाटीने दिलेलं नाही, ते त्याच्या मागाहून चिकटलं. पण १७३८ मध्ये लंडनात छापलेल्या तीस रचनांच्या संग्रहातली ती शेवटची रचना खरी आहे, आणि तिची सुरुवात तुम्ही घरच्या हार्मोनियमवर वाजवून बघावी अशी माझी विनंती आहे. सा, कोमल ग, कोमल ध, शुद्ध नी, मग वरच्या सप्तकातला कोमल ग आणि तीव्र म. सगळे सूर तोडीत बसणारे, पण चलन तोडीचं अजिबात नाही. मधल्या पायऱ्या गाळून एकेक उडी घेत वर जाणारं. असे सूर हाताला सहज येत नाहीत, म्हणून लोकांना मांजराच्या पंजाची गोष्ट खरी वाटली. पुढे जे होतं ते मात्र मांजराच्या हातचं नाही. फ्यूग हा फार कडक बांधणीचा प्रकार, तोच विषय एकामागून एक आवाजांनी उचलायचा आणि एकमेकांत गुंतवत न्यायचा. स्कार्लाटी हे वेडेवाकडे सूर त्या शिस्तीत शेवटपर्यंत निभावतो. जवळपास दोनशे वर्षांनी, १९२१ मध्ये, झेझ कॉन्फ्री या अमेरिकन पियानोवादकाने पट्ट्यांवरच्या मांजराच्या पिल्लावर रॅगटाइम या अमेरिकन पियानो-शैलीच्या घराण्यातली ठसकेबाज रचना केली. तिचा बाज पूर्ण वेगळा आहे.

दुसऱ्या हरकतीत तुमच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. अल स्टुअर्ट या ब्रिटिश गायकाच्या १९७६ च्या ‘इयर ऑफ द कॅट’ या गाण्यात मांजर नाही, व्हिएतनामी पंचांगातलं मांजराचं वर्ष आहे. चिनी बारा वर्षांच्या चक्रात जिथे ससा येतो तिथे व्हिएतनाममध्ये मांजर येतं, आणि १९७५ हे तसं वर्ष होतं. गाणं सुंदर आहे, पण ते एका प्रवाशाचं आणि त्याला भेटलेल्या बाईचं. मात्र हीच कसोटी उलटी लावून बघा. ‘कॅट्स’ या १९८१ च्या लंडनच्या संगीतिकेतलं ‘मेमरी’ घ्या. टी. एस. एलियट या इंग्रजी कवीच्या १९३९ च्या मांजर-कवितांवर सगळा खेळ उभा आहे, पण या गाण्याचे शब्द त्या संग्रहातून आलेले नाहीत. ट्रेव्हर नन यांनी ते एलियटच्याच दुसऱ्या एका कवितेच्या आधाराने लिहिले. त्यात मांजर हा शब्द शोधूनही सापडत नाही. तरी गाणारी कोण आहे? कळपाने वाळीत टाकलेली, म्हातारी झालेली मांजरी. मला हे पूर्णपणे मांजराचं गाणं वाटतं.

माझी कसोटी नावाची नाही, चालीची आहे. रचणाऱ्याने मांजर पाहिलंय की नाही, ते सुरांत कळतं. स्ट्रे कॅट्स या रॉकाबिली (सुरुवातीच्या रॉक अँड रोलच्या ढंगाच्या) बँडचं ‘स्ट्रे कॅट स्ट्रट’ ऐका. चार पायऱ्या खाली उतरत येणारी स्वरसंगती, खाली उभ्या बासचे ठोके, कसलीच घाई नाही. गल्लीतला बोका असाच चालतो. प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने १९३६ मध्ये मुलांसाठी लांडग्याची संगीतकथा लिहिली, त्यात मांजराला क्लॅरिनेट दिलं, तेही खालच्या पट्टीत आणि सुटं सुटं. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट कायम चढ्या आवाजात ऐकायची सवय असते. तेच वाद्य दबकत चालू शकतं, हे तिथे समजतं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने आपल्या डिलायला मांजरीवर १९९१ मध्ये बँडसाठी गाणं केलं, त्यात गिटारवादक ब्रायन मेने गिटारमधूनच म्याऊ काढलं. संगीत म्हणून ते क्वीनच्या मोठ्या गाण्यांच्या पंक्तीला बसत नाही. पण आजारी माणसाने शेवटच्या वर्षात आपल्या मांजरीवर गाणं लिहावं, याला मी पोरखेळ म्हणणार नाही.

आता तिसरी हरकत. कानबाईची गाणी ऐकतच मी मोठी झाले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाईचे रोट होतात, रात्रभर बायका गातात, आणि सोमवारी विसर्जनाला निघताना घसा बसलेला असतो. त्या गाण्यांविषयी मला कळकळ नाही असं म्हणू नका. पण त्याच गाण्यांमुळे मला हा प्रश्न पडला. पोळ्याला बैल आहे, वसुबारसेला गाय आहे, नागपंचमीला नाग आहे. मांजराला दिवस नाही. सटवाईला, म्हणजे षष्ठीला, बंगालात मांजर हे वाहन आहे. आपण सटवाई ठेवली आणि मांजराला मात्र रस्ता आडवा कापणारी अवलक्षणी ठरवलं. वास्तविक उंदरांपासून कणगीतलं धान्य राखलं ते मांजरांनी. जुन्या गावांत धाब्याची घरं एकमेकांना लागून, आणि एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर मांजरांचा रात्रीचा राबता. साने गुरुजींनी अमळनेरला मुलांना शिकवलं. त्यांच्या आईच्या गोष्टीत आई गेल्यावर तिची लाडकी मांजरही फार दिवस जगत नाही. म्हणजे गद्यात तिला जागा मिळाली. बालगीतात शेपटी फुगवण्यापुरती ती येते. मोठ्यांच्या गाण्यात मात्र जवळजवळ नाहीच.

इटलीत १९६९ मध्ये मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत एक चिमुरडी गायली: मला काळं मांजर हवं होतं, तुम्ही पांढरं दिलंत, आता मी खेळणार नाही. त्याच वर्षी जपानमध्ये सहा वर्षांच्या मुलाने ते टँगोच्या ठेक्यावर गायलं आणि त्या रेकॉर्ड लाखांनी खपल्या. ज्या काळ्या मांजरासाठी आपल्याकडे आजही मोटरसायकल थांबवून दुसऱ्याला पुढे जाऊ देतात, त्यासाठी तिथे एक मूल रुसून बसलं होतं. हे वाचकांपर्यंत पोचवावं असं मला वाटलं, म्हणून तो लेख.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक ओळ आहे, तुमच्या आजी जात्यावर मनीची एक ओवी म्हणायच्या, पुरती आठवत नाही. आप्पा, मला ती हवी आहे. अर्धी असली तरी चालेल, चाल आठवत असेल तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, आणि तुमच्या आत्यांनाही विचारा.