पिकअपला फोकस बसवताय? रिलेवर पैसे घालवू नका

पिकअप घेतली, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहून झालं, ग्रिलला लिंबू-मिरची लागली. आता फोकस, म्हणजे जादाचे दिवे. कंपनीचे दोन हेडलाइट फक्त पासिंगपुरते असतात, हे कुठल्याही पानटपरीवर कळतं. तेव्हा १००-१०० वॅटचे दोन हॅलोजन आणा. त्यात कंजुषी नको. कंजुषी करायची ती वायरमध्ये.

वायर विकत आणायचीच कशाला? गणपतीच्या डेकोरेशनची माळ माळ्यावर धूळ खात असते, तिची काढा. दुकानदार 'अडीच स्क्वेअरची न्या', म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर, असं म्हणेल, पण त्याला काय, धंदा करायचाय. हिशोबही मांडेल : २०० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. तुम्ही म्हणा, घरातला शंभरचा बल्ब नाही का चालत बारीक वायरवर? घरी २३० व्होल्ट असतात, तिथे तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही, हे त्याने सांगायच्या आत दुकानाबाहेर पडा.

मग तो मागून हाक मारेल, 'रिले तरी न्या!' रिले म्हणजे चार पायांची काळी डबी. ८५-८६ या पायांना स्विचकडून चिमूटभर करंट जातो, आत खट् होतं आणि बॅटरीचा खरा लोड ३० मधून शिरून ८७ मधून थेट फोकसला जातो. म्हणजे हुकूम सोडायचा स्विचने आणि ओझं उचलायचं डबीने. आपल्याकडे ही पद्धत फक्त सासरेबुवांना शोभते. तुम्ही फोकसची वायर सरळ हेडलाइटच्या वायरलाच मारा. ती ६०-५५ वॅटच्या बल्बसाठी काढलेली असते खरी, पण तिलाही कधी प्रगती करू द्या की. वायर दातांनी सोला, पिळा, वरून टेप. थोड्या दिवसांनी डॅशबोर्डवरचा हेडलाइटचा स्विच कोमट लागू लागेल. थंडीत बरं वाटतं.

पत्र्याला भोक पाडलं की कडेला रबर बसवायचं म्हणतात. वायर काय नवरी आहे, टोचेल म्हणून जपायला? अर्थिंग, म्हणजे करंट परत जायला बॉडीला जोडायची वायर, तीही छान रंगावरच स्क्रू पिळून बसवायची. पत्रा खरवडला तर गंज चढतो. रंगामुळे अर्थिंग नीट लागणार नाही, मग इंडिकेटर दिला की फोकसही त्याच्या तालावर लुकलुकेल. या शोचे वेगळे पैसे नाहीत.

आता फ्यूज. हा मुळात भित्रा. निळा १५ अँपिअरचा उडाला तर पिवळा २० चा घाला, तो उडाला तर हिरवा ३० चा. तरीही रडत असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा. चांदी सहजासहजी उडत नाही. तिच्याऐवजी काय उडतं, ते पुढे येईलच.

फोकस टपावर बसवा आणि तोंड जरा वर ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ म्हणतात की ८ मीटरवर दीड मीटर उंचीला ज्याचे डोळे आहेत, त्याला प्रकाशाने दिपवू नये. नियम लिहिणाऱ्यांनी रात्री आळेफाट्याला चहा प्यायलेला दिसत नाही. समोरचा डिपर मारत असेल तर तो तुमच्या लाइटला दाद देतोय, असं समजा.

एक सांगायचं राहिलं. दहा नंबरचा पाना गाडीत ठेवू नका, हरवतो. आमच्या दाजींचा घरी खुंटीला व्यवस्थित टांगलेला असतो. त्या पावसाळ्यात नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही वाशीला निघालो होतो. माळशेजला धुकं इतकं की बोनेट दिसेना. दाजींनी अभिमानाने फोकस लावले आणि समोर पांढरी भिंतच उभी राहिली. धुक्यात लाइट खाली आणि रस्त्यालगत हवा, वरून मारला की तो तुमच्याच डोळ्यांत परत येतो.

"दाजी, कायतरी जळतंय."

"सायलेन्सरला पिशवी चिकटली असंल."

पिशवी नव्हती. पत्र्याच्या भोकाशी वायर घासून बॉडीला टेकली होती. फ्यूजने तेव्हाच जीव द्यायचा, पण तिथे चांदी होती, आणि चांदी हटली नाही. स्टिअरिंगखालून धूर आला आणि हेडलाइट, फोकस सगळं एकदम गेलं. दाजी उतरून बॅटरीकडे धावले. टर्मिनलच्या नटाला दहाचा पाना लागतो. तो खुंटीला.

शेवटी त्यांनी हात घालून वायरच हिसकली. गणपतीच्या माळेची ती, एका झटक्यात तुटली. अडीच स्क्वेअरची असती तर तुटली असती का, सांगा!

पुढचा घाट आम्ही एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून उतरलो. मी खिडकीतून मोबाइलची बॅटरी धरून बसलो होतो. वाशीला पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि चांगले भाव आमच्याआधी आलेल्यांनी नेले होते. दाजींच्या हाताला फोड आले, पण ते खचले नाहीत. परतीच्या वाटेवर टपरीवर थांबून त्यांनी एका गिऱ्हाइकाकडून सिगारेटची दोन रिकामी पाकिटं मागून घेतली, स्पेअर म्हणून.